'अभ्यास' करून लावलेला सट्टा

बिलोलीहून बोधनला जाताना येसगीजवळ मांजरा नदी लागते. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणा. 2017 मध्ये तेलंगणाने आपला जुगाराचा कायदा बदलला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. त्यामुळे पुलाच्या त्या टोकाला ड्रीम-इलेव्हनवर पैसे लावून संघ बनवता येत नव्हता आणि या टोकाला येत होता. 30 एप्रिल 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तो कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, असं म्हटलं. पोरगं तेच, मोबाईल तोच, मॅचही तीच. नदीच्या एका काठावर ते जुगारी ठरायचं आणि दुसऱ्या काठावर हुशार.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि हा फरक पुसला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला पीडित मानलं आहे. कायदा आला तेव्हा सरकारनेच सांगितलं की देशातले सुमारे 45 कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे 20 हजार कोटी रुपये घालवतात. ड्रीम-इलेव्हनने त्याच महिन्यात पैशांचे सामने बंद केले.

पण परदेशात बसून चालणारी सट्ट्याची ॲप पुलाच्या दोन्ही बाजूंना आधीपासून बेकायदाच होती. कायद्याने बंद झालेली गोष्ट मोबाईलमधून लगेच जात नाही. एक लिंक बंद झाली की टेलिग्रामवर दुसरी येते. आणि त्या लिंकसोबत हल्ली एक नवीन गोष्ट येते, तिच्याविषयी या पानावर लिहायचं आहे. ती म्हणजे 'स्ट्रॅटेजी'.

वस्तीत फिरताना मला वह्या दिसतात. दोनशे पानी वही, आत रकाने आखलेले: संघाचं नाव, मागचे पाच सामने, भाव, लावलेले पैसे, निकाल. आई कौतुकाने सांगते, पोरगं रात्री उशिरापर्यंत लिहीत बसतं. आपल्या घरांत लिहीत बसलेल्या लेकराला कोणी हटकत नाही. चुलीपुढचा दिवा त्याच्याकडे सरकवून आपली आधीची पिढी शिकली. पोरालाही मनापासून वाटत असतं की आपण मटकेवाले नाही, आपण अभ्यास करून पैसे लावतो. सगळी फसगत या एका वाटण्यात आहे.

वहीत काय असतं ते आधी बघू. इंग्लंड-युरोपात फुटबॉलवर सट्टा लावणारे काही ठोकताळे वापरतात. घरच्या मैदानावर खेळणारा संघ जास्त वेळा जिंकतो. मागच्या पाच-सहा सामन्यांतली चाल बघावी. कोण जिंकेल यापेक्षा एकूण गोल अडीचच्या वर जातील की खाली राहतील यावर लावावं. हरलो तर पुढच्या वेळी दुप्पट लावावं. आपल्याकडे फुटबॉल खरा रुजला तो कोल्हापुरात. बिलोली-देगलूरकडच्या पोरांनी मँचेस्टरचं नाव ऐकलं ते या ॲपमुळेच. आता टेलिग्रामवरचे गुरुजी सांगतात की हेच ठोकताळे ई-स्पोर्ट्सला लावा, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या स्पर्धांना. तिथे म्हणे बुकी कच्चे आहेत आणि अभ्यास करणाऱ्याला पैसा आहे.

हे खरं का नाही ते समजून घेऊ, कारण पोराला नुसतं 'सोड ते' म्हणून चालत नाही. त्याच्याकडे वही आहे, आपल्याकडे उत्तर पाहिजे.

ई-स्पोर्ट्सच्या बहुतेक स्पर्धांत घरचं मैदान नसतं, खेळाडू आपापल्या ठिकाणी बसून ऑनलाइन खेळतात. संघातली पोरं महिन्या-दोन महिन्यांत बदलतात, नाव मात्र तेच राहतं. त्यामुळे मागचे पाच सामने ज्यांनी जिंकले ती माणसं आज संघात असतीलच असं नाही. खेळ बनवणारी कंपनी मधूनच अपडेट सोडते आणि एखाद्या बंदुकीची ताकद कमी करते किंवा नकाशा बदलते. फुटबॉलमध्ये गोलपोस्ट शंभरहून जास्त वर्षं तेवढीच आहे. बीजीएमआयच्या स्पर्धेत तर समोरासमोर दोन संघ नसतातच. एका सामन्यात सोळा संघ, चौसष्ट खेळाडू, आणि सुरक्षित वर्तुळ कुठे आकसेल ते कॉम्प्युटर ठरवतो. सगळे सारखे धरले तर एका संघाची जिंकायची शक्यता सोळात एक. 'या संघाविरुद्ध तो संघ' हा फुटबॉलचा रकानाच इथे बसत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे ई-फुटबॉल. पडद्यावर नाव मँचेस्टर सिटीचं, जर्सी निळी, पण खेळतात दोन अनोळखी माणसं, रिमोट हातात धरून. सामना आठ-दहा मिनिटांचा, आणि असे सामने दिवसरात्र चालू. पोरगं खऱ्या मँचेस्टर सिटीचा फॉर्म वहीत लिहून त्यावर पैसे लावतं. आंब्याच्या झाडाचं वय मोजून चिंचेचा भाव ठरवावा, तसं हे झालं.

निकाल आधीच ठरवून खेळल्याचे प्रकारही झाले आहेत. दक्षिण कोरियात ई-स्पोर्ट्सची मोठी परंपरा आहे. तिथे 2010 मध्ये स्टारक्राफ्ट या खेळातले नावाजलेले खेळाडू सट्टेवाल्यांकडून पैसे घेऊन हरल्याचं उघड झालं. फुटबॉल आणि क्रिकेटही यातून सुटलेले नाहीत, 2013 चं आयपीएल आठवा. पण विसाव्या दर्जाच्या ऑनलाइन स्पर्धेत बघायला प्रेक्षक नाहीत, पंच दूर कुठेतरी, आणि खेळणाऱ्याला बक्षिसापेक्षा सट्ट्यात जास्त मिळतं. तिथे आतली बातमी असलेला माणूस आणि वही घेऊन बसलेलं आपलं पोरगं, दोघं एकाच भावाने पैसे लावतात.

आता बुकीचा हिशोब. समजा दोन्ही संघ अगदी बरोबरीचे आहेत. न्यायाचा भाव 2 झाला असता, म्हणजे शंभर लावले तर जिंकल्यावर दोनशे परत. ॲप देतं 1.90. शंभराला एकशे नव्वद. दहा वेळा शंभर लावले, पाचदा जिंकलो, पाचदा हरलो. दिले हजार, आले साडेनऊशे. पन्नास रुपये बुकीने मधल्या मध्ये काढून घेतले आणि कोणी फसवलं असंही वाटलं नाही. आठवड्याला एक सामना बघून लावणाऱ्याला हे पाच टक्के जाणवत नाहीत. पण दहा मिनिटांच्या सामन्यांवर तासाला सहा डाव, रात्री चार तास बसलं तर चोवीस डाव. शंभराचा एक डाव धरला तर रात्रीत 2400 रुपये फिरले आणि सरासरी 120 गेले. महिन्याला 3600. हे सगळं ठीक चाललं तर. एखादी रात्र जिंकायची येते, म्हणून तर दुसऱ्या रात्री बसावंसं वाटतं.

'हरलो की दुप्पट' हे तर थेट विष आहे. शंभर हरले, दोनशे लावा. ते हरले, चारशे. मग आठशे, सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे. सलग सात डाव हरले की 12,700 रुपये गेले आणि आठव्या डावाला 12,800 पाहिजेत, ते जिंकले तरी हाती नफा शंभराच्या आसपासही येत नाही, कारण भाव दोनाच्या खाली आहे. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. म्हणजे एक्केचाळीस दिवसांचं माती उचलणं सात डावांत गेलं, सव्वा तासात. पोरगं म्हणेल, सलग सात कोण हरतं? एखाद्या ठरावीक सात डावांत ते 128 मध्ये एकदा होतं. पण रात्रीला चोवीस डाव खेळणाऱ्याच्या वाट्याला तसा दिवस महिन्या-दोन महिन्यांत यायचाच.

याचा अर्थ सट्ट्यात अभ्यास नसतोच असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्ड आणि ब्रायटन या दोन फुटबॉल क्लबांचे मालक, मॅथ्यू बेनम आणि टोनी ब्लूम, सट्ट्यातूनच श्रीमंत झाले. पण त्यांच्या कंपन्यांत गणित शिकलेली माणसं पगारावर आहेत आणि सामन्यागणिक माहिती गोळा करणारी माणसं आहेत. तो आकड्यांचा कारखाना आहे. त्यातही जो सतत जिंकतो त्याची लावायची मर्यादा बुकी कमी करतात किंवा खातंच बंद करतात. दिवसाला दीड जीबी डेटा घेऊन कोणी त्या कारखान्याशी भिडू शकत नाही. गुरुजी लोक 'केली फॉर्म्युला' सांगतात. 1956 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी तो मांडला. किती पैसे लावावेत हे तो सांगतो. वरच्या उदाहरणातले आकडे त्यात घाला, उत्तर शून्याच्या खाली येतं. म्हणजे लावूच नका. गुरुजी फॉर्म्युला सांगतात, हे उत्तर सांगत नाहीत.

हे गुरुजी कसे तयार होतात तेही ऐका. आठशे जणांना मेसेज करायचा: चारशेंना 'अ जिंकेल', चारशेंना 'ब जिंकेल'. ज्यांना बरोबर गेला त्या चारशेंचे पुन्हा दोन भाग. मग दोनशेंचे. तीन सामन्यांनंतर शंभर माणसं अशी उरतात ज्यांच्या दृष्टीने या माणसाचा शब्द एकदाही खोटा ठरला नाही. हेच लोक पुढे फी भरतात. शिवाय त्याच्या लिंकवरून ॲपवर आलेलं पोरगं जेवढं हरेल त्यातला वाटा अनेक ॲप गुरुजींना देतात. त्याची कमाई तुमच्या लेकराच्या हरण्यावर आहे. मटक्याच्या काळात स्वप्नावरून आकडा काढून देणारे बुवा होते. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने मुंबईतून पसरलेला तो मटका 1960 च्या दशकातला, आणि त्याचे आकडे गावोगाव चिठ्ठीवर लिहिले जायचे. आपण घरातून बुवा, अंगारे, धागेदोरे काढले. हा नवा बुवा इंग्रजी बोलतो आणि आलेख दाखवतो, म्हणून त्याला ओळखायला वेळ लागतो.

जिथे ॲपच बनावट असतं तिथे तर गणिताचाही प्रश्न उरत नाही. जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली, ऑनलाइन सट्ट्यात सुमारे 58 कोटी गेल्याची. सुरुवातीला तो जिंकत होता. पोलिसांनी गोंदियातल्या बुकीच्या घरी छापा घातला तर नोटांच्या थप्प्या आणि सोनं किलोंनी निघालं. व्यापाऱ्याचे 58 कोटी गेले, तसे आपल्या वस्तीतल्या पोराचे 58 हजार जातात. पद्धत तीच: आधी थोडं जिंकू द्यायचं, पाचशे रुपये खरोखर खात्यात पाठवायचे, मग दोरी आवळायची.

मोठ्यांनी पोरांना काय दाखवलं, तेही विसरू नये. क्रिकेटवाले आणि सिनेमावाले वर्षानुवर्षं या ॲपच्या जाहिराती करत होते. 2025 मध्ये हैदराबादकडे सट्ट्याच्या ॲपची जाहिरात केल्याबद्दल तेलुगू सिनेमातल्या नामांकितांवर गुन्हे दाखल झाले, आणि आपल्या सीमेवरच्या गावांत त्यांचेच सिनेमे चालतात. त्याच वर्षी जुलैत आपल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांवर सभागृहात मोबाईलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. पुढे त्यांचं खातं बदललं आणि क्रीडा खातं मिळालं. असो.

आता नर्स म्हणून सांगायचं ते. जुगाराचं व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या अकराव्या आवृत्तीत, जुगाराचा विकार आणि गेमिंगचा विकार अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. पोरगं फ्री फायर किंवा बीजीएमआय खेळतं म्हणजे ते सट्टा लावतंच असं नाही, हा फरक घरच्यांनी ठेवावा. ई-स्पोर्ट्सला तर नव्या कायद्याने खेळ म्हणून मान दिला आहे, चीनमधल्या हांगझोउच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकं होती. कायद्याने बंद केलं ते त्यावर पैसे लावणं.

डॉक्टर तीन गोष्टी बघतात. खेळणं हातात राहिलंय का, की थांबवायचं ठरवूनही थांबता येत नाही. बाकीची कामं, जेवण, परीक्षा, माणसं, सगळं त्याच्या मागे गेलंय का. नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का. हे मेंदूत घडतं. थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला हरल्यासारखा वाटत नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखा वाटतो, आणि तो पुन्हा खेळायला लावतो. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी एक गोष्ट सांगते. कंपवाताच्या काही गोळ्या आहेत, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल. त्या मेंदूतल्या डोपामिनचं काम करतात. त्या घेणाऱ्या काही म्हाताऱ्या माणसांना, ज्यांनी आयुष्यात पत्ता हातात धरला नव्हता, जुगाराची ओढ लागल्याची नोंद आहे. गोळी कमी केली किंवा बदलली की ओढही बहुधा कमी होते. अशा माणसाला 'तुझे संस्कार कुठे गेले' असं विचारून काय उपयोग?

सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येतं, हरलेला गेलेल्या धनासाठी झुरतो, साठवलेलं जातं, सभेत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही, मित्र त्याला कमी लेखतात, आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीतली 'शब्दाला वजन नाही' ही खूण मी घरांत सगळ्यात आधी बघते. पैशाच्या आधी खोटं बोलणं सुरू होतं.

बाकीच्या खुणाही लक्षात ठेवा. युरोपातले मोठे सामने आपल्याकडे रात्री साडेबारा-दीडला सुरू होतात, म्हणून झोप मोडते, सकाळी डोळे लाल, दुपारी चिडचिड. मोबाईल उलटा ठेवला जातो, मेसेजचा आवाज बंद. घरातून छोट्या रकमा जातात, मग एखादं डोरलं किंवा पैंजण. आईच्या नावावर बचत गटातून किंवा फायनान्सवाल्याकडून कर्ज काढायचा आग्रह होतो. नांदेड-लातूरला शिकायला ठेवलेल्या पोराच्या खात्यात शिष्यवृत्तीचे आणि स्वाधार योजनेचे पैसे येतात, आणि मेसवाला मात्र घरी फोन करतो. लायब्ररी, खोलीभाडं, पुस्तकं यांच्यासाठी शासनाकडून लढून मिळवलेला हा पैसा आहे, तो दहा मिनिटांच्या सामन्यावर जातो.

एक नवं संकट वेगळं सांगते. हरलेल्या पोराला 'तुझं बँक खातं महिन्याला भाड्याने दे, पाच हजार घे' असं विचारलं जातं. सट्ट्याचा आणि सायबर फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरवतात. पोलीस आधी खातेदाराच्या दारी येतात. खातं गोठलं की शिष्यवृत्तीही त्यातच अडकते. पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड कोणाला म्हणजे कोणाला देऊ नका. दिलं असेल तर आजच बँकेत लेखी कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

घरात कळलं तर काय करायचं? मारू नका, आणि वस्तीत सभा भरवू नका. कर्ज किती ते एका बैठकीत पूर्ण निघत नाही, पहिल्यांदा सांगितलेला आकडा बहुतेक वेळा निम्मा असतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खरा निघतो. सगळं कर्ज एकदम फेडून मोकळं करण्याची घाई आईबाप करतात, बहीण गळ्यातलं मोडते. त्याने पोराच्या हातात पुन्हा कोरी पाटी येते आणि व्यसन तिथेच राहतं. देणेकऱ्यांना हप्ते बांधून द्या, ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातून जाऊ द्या. काही महिने त्याचं एटीएम आणि यूपीआय दुसऱ्याकडे ठेवा, बँकेत सांगून रोजची मर्यादा कमी करून घ्या. मजुरी, पगार दुसऱ्या खात्यात. टेलिग्रामचे ते ग्रुप त्याच्याच हाताने, तुमच्यासमोर, सोडायला लावा. ती वहीही जपून ठेवा, फाडू नका.

कर्ज उघड झाल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. 'माझ्यामुळे सगळं गेलं', 'मी नसलो तर बरं' असं तो बोलला, किंवा एकाएकी गप्प झाला, तर ते नाटक समजू नका. त्याला थेट विचारा, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. घरातलं फवारणीचं औषध, उंदराचं औषध त्याच दिवशी बाहेर हलवा. रात्री त्याला एकट्याला झोपू देऊ नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आईनेही लावला तरी चालतो.

उपचार मुख्यतः बोलण्याचे आहेत, कधी सोबत गोळ्या, आणि उदासीनता किंवा दारू जोडीला असेल तर तिच्यावरही इलाज लागतो. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना 'डोकं दुखतंय' असं सांगू नका, मानसोपचार विभाग असं स्पष्ट सांगा, नाहीतर दुसऱ्याच रांगेत दिवस जातो. जाताना मागच्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट घेऊन जा, झोपेच्या वेळा कागदावर लिहून न्या, आणि ती रकाने आखलेली वही सोबत न्या. पोराला स्वतःहून सांगायला जे जड जातं ते डॉक्टरांना त्या वहीत तारखेवार वाचायला मिळतं.